मॅनेजरला काही येतं की नाही, हे ओळखायचं कसं?

प्रश्न विचारणारा मुलगा ठाण्याचा आहे, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. चौघे मित्र वर्तकनगरला एकाच्या घरी जमून इंग्लंडमधल्या एका फुटबॉल क्लबच्या मॅच बघतात. क्लबचं नाव त्याने मुद्दाम लिहिलेलं नाही, "नाहीतर उत्तराआधी टिंगलच होते" म्हणून. क्लब गेल्या सातपैकी पाच मॅच हरलाय. एक मित्र म्हणतो, मॅनेजरला, म्हणजे मुख्य कोचला, काही येत नाही, हाकला. दुसरा म्हणतो, फर्ग्युसनलाही वेळ दिला होता. हा मधल्या मध्ये अडकलाय आणि विचारतोय, ज्यांना खेळातलं कळतं ते मॅनेजरची लायकी कशावरून ठरवतात?

नाव लिहिलं नाहीस ते बरं केलंस. मलाही माझ्या क्लबचं नाव सांगायची पाळी आली नाही. तुला अरे-तुरे करतोय, रागावू नकोस, मैदानावरची सवय आहे. नेरूळ-वाशीकडे बावीस वर्षं पोरांना शिकवतोय. एएफसीचा, म्हणजे आशियाई फुटबॉल महासंघाचा, कोचिंगचा 'बी' परवाना आहे. शिवाय एका क्लबने मला भर हंगामात काढून टाकलेलं आहे. तुझ्या प्रश्नासाठी परवान्यापेक्षा हा दुसरा अनुभव जास्त कामाचा. त्याकडे येतो.

आधी फर्ग्युसन, कारण तो प्रत्येक वादात येतो आणि अर्धाच येतो. नोव्हेंबर १९८६ मध्ये तो मँचेस्टर युनायटेडमध्ये मॅनेजर म्हणून आला तेव्हा संघ बावीसपैकी एकविसावा होता. त्या हंगामात अकरावा आला, पुढच्यात दुसरा, मग पुन्हा अकरावा, मग तेरावा. सप्टेंबर १९८९ मध्ये शेजारच्या मँचेस्टर सिटीने त्यांना ५-१ धुतलं. त्या डिसेंबरात ओल्ड ट्रॅफर्डवर, युनायटेडच्याच मैदानावर, 'तीन वर्षं सबबीच ऐकतोय, आता ये जाऊन' अशा अर्थाचा फलक झळकला. मग जानेवारी १९९० मध्ये एफए कपात नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध मार्क रॉबिन्सचा गोल, मे महिन्यात तोच कप, आणि १९९३ मध्ये लीग. एवढं तुझ्या मित्राला पाठ असणार.

राहिलेला अर्धा भाग असा. त्याच पडत्या काळात क्लबची पोरं हेरायची सगळी व्यवस्था तो नव्याने लावत होता. पुढे युनायटेडचा मोठा खेळाडू झालेल्या रायन गिग्जच्या चौदाव्या वाढदिवसाला, नोव्हेंबर १९८७ मध्ये, तो स्वतः त्याच्या घरी जाऊन बसला होता. ड्रेसिंग रूममधली दारू मोडायची म्हणून १९८९ मध्ये त्याने पॉल मॅकग्रा आणि नॉर्मन व्हाइटसाइड हे लोकांचे लाडके खेळाडू विकले. म्हणजे गुणतक्त्यात काही दिसत नव्हतं, पण खाली पाया खणला जात होता, आणि क्लबच्या आत बसलेल्यांना तो दिसत होता. वेळ दिला गेला तो याला. नुसता वेळ मिळून काहीच न केलेले मॅनेजरही कमी झालेले नाहीत. त्यांचे पुतळे कोणी उभारत नाही, त्यामुळे ते कोणाच्या वादात येत नाहीत. मित्राला एवढंच विचार की आपल्या क्लबात सध्या खाली काय खणलं जातंय. उत्तर असेल तर त्याचा मुद्दा मान्य कर.

आता पहिल्या मित्राचं बघू. सातपैकी पाच पराभव म्हणजे भरपूर वाटतात, पण फुटबॉलमध्ये सात मॅचवर मी कुणाला फासावर चढवणार नाही. कारण साधं आहे. एकदिवसीय क्रिकेटमध्ये एका डावाचे तीनशे चेंडू असतात. एक झेल सुटला, एक एलबीडब्ल्यू चुकीचा दिला, तरी दिवसभरात ते बऱ्यापैकी विरघळून जातं. फुटबॉलमध्ये अख्ख्या मॅचमध्ये दोन्हीकडचे मिळून अडीच-तीन गोल. त्यातला एक बचावपटूच्या नडगीला लागून आत गेला तर निकालच फिरला. एखादा संघ चांगला खेळून महिनाभर हरू शकतो, आणि वाईट खेळून महिनाभर जिंकूही शकतो. दुसऱ्या प्रकारात कोणी मॅनेजरवर शंका घेत नाही, हीच तर गंमत आहे.

क्लॉपचं डॉर्टमुंड आठव. दोनदा जर्मनीचं विजेतेपद जिंकून दिलेला माणूस २०१४-१५ मध्ये, फेब्रुवारी उजाडला तेव्हा, तक्त्याच्या तळाशी, अठराव्या नंबरवर होता. तुझ्या मित्राने तेव्हा काय म्हटलं असतं ते मला सांगायला नको. पण ज्यांनी त्या हंगामातल्या संधी मोजल्या त्यांना वेगळंच दिसलं. संघ संधी तयार करत होता, समोरच्याला फार देतही नव्हता, फक्त चेंडू जाळ्यात जात नव्हता आणि समोरच्याचा मात्र जात होता. शेवटी सातवा आला. लिव्हरपूलच्या आकडेवारीवाल्यांनी नेमकं हेच पाहिलं, आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये लिव्हरपूलने त्याला उचललं. हल्ली टीव्हीवर मॅचनंतर 'अपेक्षित गोल' म्हणून जो आकडा दाखवतात तो याच मोजणीचा. प्रत्येक फटक्याला, तिथून एरवी किती वेळा गोल होतो, त्यानुसार किंमत द्यायची. पेनल्टी चारपैकी साधारण तीन वेळा लागते, तर तिची किंमत पाऊण गोलाच्या आसपास. तीस यार्डांवरून हाणलेला फटका म्हणजे चिल्लर. एका मॅचचा तो आकडा मी बघतही नाही. दहा-बारा मॅचची बेरीज बघतो. बेरजेत संघ पुढे असेल आणि तक्त्यात मागे, तर थोडं थांबायला हरकत नाही. दोन्हीकडे मागे असेल तर मित्राच्या बोलण्यात दम आहे.

पण आकड्यांवरून फक्त ताप किती आहे ते कळतं, आजार कळत नाही. आणि इथे माझी गोष्ट सांगतो.

पंधराएक वर्षांपूर्वी नवी मुंबईतल्या एका क्लबची सतरा वर्षांखालची टीम माझ्याकडे होती. मी नुकताच एक कोर्स करून आलो होतो आणि डोक्यात वारं शिरलं होतं. मागे तिघे बचावपटू आणि दोन्ही कडांना वर-खाली पळणारे विंगबॅक अशी रचना मला खेळवायचीच होती. सरावाला आठवड्याचे दोन दिवस, तेही अर्ध्या मैदानात, कारण उरलेल्या अर्ध्यात टेनिस बॉलची क्रिकेट टुर्नामेंट. पोरं दहावी-बारावीची, क्लासवरून धावत येणारी. सहा मॅचमध्ये पाच हरलो. दर वेळी मी पोरांना एकच सांगायचो, "लक्ष द्या रे, लक्ष." आज आठवलं की कान गरम होतात.

आमच्या गोलकीपरचे वडील दर मॅचला यायचे. वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात त्यांचा गाळा होता. फुटबॉल त्यांना शून्य कळत होता, ऑफसाइड म्हणजे काय हे शेजारच्याला विचारायचे. पण माणूस आयुष्यभर मालाची पट्टी लिहिणारा. खिशातल्या छोट्या वहीत ते प्रत्येक गोल लिहून ठेवत होते, कोणत्या मिनिटाला आणि कुठल्या बाजूने. पाचव्या पराभवानंतर ते माझ्याकडे आले आणि शांतपणे म्हणाले, "सर, अकरा गोल खाल्लेत. आठ उजवीकडून आलेत. तो पोरगा परत येतच नाही."

मी त्यांना सुनावलं. तुम्ही तुमचा गाळा सांभाळा, मी माझी टीम सांभाळतो, असं काहीतरी. पुढच्या पराभवानंतर कमिटीने मला बोलावलं, चहा पाजला आणि काढलं. नवीन आलेल्या कोचकडे माझ्याहून कमी कागद होते. त्याने मागे चौघे उभे केले, उजवीकडच्या पोराला सांगितलं की तू अर्ध्या रेषेच्या पुढे जायचंच नाही, आणि गोल आटले. फार काही जिंकले नाहीत ते, पण रडत घरी जाणं थांबलं. मला काढलं ते बरोबर होतं. मी नालायक कोच होतो असं मला वाटत नाही. त्या पोरांसाठी, त्या सरावात, त्या रचनेसाठी मात्र मी चुकीचा माणूस होतो, आणि चूक डोळ्यांसमोर आठ वेळा घडूनही मी तिला पोरांचा निष्काळजीपणा म्हणत होतो.

त्या काकांचं एक बरोबर होतं आणि एक चूक. 'कुठे' हे त्यांनी माझ्या आधी पकडलं. 'का' मात्र चुकलं होतं. त्यांना वाटत होतं पोरगा आळशी आहे. पोरगा मर मर पळत होता, मीच त्याला एकट्याला साठ यार्डांची पट्टी राखायला दिली होती. प्रेक्षकांचं बहुतेक असंच असतं. दुखतंय कुठे ते त्यांना नेमकं कळतं, औषध मात्र ते भलतंच सांगतात. म्हणून 'तुम्हा फॅनना काय कळतं' म्हणणाऱ्या मॅनेजरवर माझा विश्वास नाही, आणि 'मी असतो तर तमक्याला खेळवला असता' म्हणणाऱ्या फॅनवरही नाही.

तेव्हा मी बघतो ते हे: एकच चूक परत परत होते का, आणि होत असेल तर मॅनेजर तिच्याबद्दल काही करतो का. हरणाऱ्या संघाचे गोल दर वेळी वेगळ्या तऱ्हेने येत असतील, कधी कीपरची चूक, कधी लाल कार्ड, कधी समोरच्याचा अफलातून फटका, तर ते बरेचसे दैव. दोन महिने दर मॅचला एकाच खिंडारातून माल जात असेल तर पहारेकऱ्याला विचारायला हवं.

बघायची पद्धतही सांगतो. पंधरा मिनिटं चेंडूकडे बघायचंच नाही. कठीण जातं, डोळे आपोआप चेंडूवर जातात. आपल्या संघाने चेंडू गमावला की पुढची पाच सेकंदं बघ. जवळचे तीन-चार जण एकदम झडप घालतात, की सगळे शिस्तीत मागे पळतात, की दोघे झडप घालतात, दोघे मागे पळतात आणि उरलेले हात वर करून एकमेकांकडे बघतात? पहिल्या दोन्हीत काहीतरी ठरलेलं आहे. तिसऱ्यात काही ठरलेलंच नाही, किंवा ठरवलेलं पोरांच्या डोक्यात उतरलेलं नाही. दोन्ही जबाबदाऱ्या मॅनेजरच्या. मग गोलकिकच्या वेळी कॅमेरा मागे जातो तेव्हा बचावफळी आणि मधली फळी यांत किती अंतर आहे ते बघ. मध्ये रिक्षा वळवता येईल एवढी जागा असेल आणि दर आठवड्याला असेल, तर ती कोणाची चूक ते सांगायला नको.

मध्यंतरानंतरची पहिली दहा-पंधरा मिनिटं मला सगळ्यात बोलकी वाटतात. तेवढाच एक वेळ मॅनेजरने काय बघितलं आणि काय सांगितलं ते जवळजवळ जसंच्या तसं मैदानावर उतरतं. काहीच बदललेलं नसेल तर एकतर त्याला दिसलं नाही, किंवा खेळाडू आता ऐकत नाहीत. बदली खेळाडूंचंही तेच. सत्तराव्या मिनिटाला दमलेल्या स्ट्रायकरच्या जागी ताजा स्ट्रायकर, हे आमच्याकडचा ज्युनिअर कोचही करतो. दुखऱ्या जागेवर इलाज म्हणून बदल होतोय का, ते बघायचं.

कॉर्नर आणि फ्री किक विसरू नकोस. तिथे नशिबाचा भाग कमी आणि सरावाचा जास्त. आर्सेनलचा आर्टेटा सलग दोन हंगाम आठवा आला, आणि २०२१-२२ मध्ये पहिल्या तीनही मॅच एकही गोल न करता हरून तळाला गेला. लंडनमध्ये अर्ध्या लोकांनी त्याचं सामान बांधून ठेवलं होतं. पण त्याच उन्हाळ्यात त्याने सेट पीससाठी, म्हणजे या कॉर्नर-फ्री किकसाठी, निकोला जोव्हेर हा स्वतंत्र कोच आणला होता, संघ तरुण करायला घेतला होता, आणि करोना व दुखापतींमुळे त्या तीन मॅचना अर्धा संघच बाहेर होता. तो हंगाम पाचव्या क्रमांकावर संपला, पुढचे तीन दुसऱ्या. तळाला असतानाही काय चाललंय ते बघणाऱ्याला दिसत होतं.

मॅनेजरच्या हातात काय नाही हेही धरायला हवं. लांब पल्ल्यात क्लब तक्त्यात कुठे राहतो ते बऱ्याच अंशी तो खेळाडूंना किती पगार देतो त्यावर ठरतं. सोळाव्या क्रमांकाचा पगार देऊन पाचवा नंबर मागणारे फॅन मी बघितलेत. आणि आता बऱ्याच क्लबांत खरेदी क्रीडा संचालक करतो. मॅनेजर म्हणजे स्वयंपाकी, भाजी दुसऱ्यानेच आणलेली. आपल्या घराजवळचंच उदाहरण घे. आयएसएलच्या, म्हणजे इंडियन सुपर लीगच्या, पहिल्या दोन हंगामांत मुंबई सिटी आमच्या नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर खेळायची. २०१४ मध्ये पीटर रीड कोच, आठ संघांत सातवे. २०१५ मध्ये निकोलस अनेल्का खेळाडूही आणि मॅनेजरही, सहावे. २०२०-२१ मध्ये सर्जिओ लोबेराने लीग आणि कप दोन्ही जिंकून दिले. मग लोबेरा लायक आणि आधीचे नालायक? मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालक कंपनीने, सिटी फुटबॉल ग्रुपने, क्लबचा मोठा हिस्सा घेतला होता, आणि गोव्यात लोबेराच्या हाताखाली खेळलेले जाहू, बुमूस, फॉल, मंदार राव देसाई असे खेळाडू मुंबईत आले होते. त्याला आपली भाजी आपण निवडता आली. आणि याच लोबेराला गोव्याने आधीचा हंगाम संपायच्या आत काढलं होतं, हेही लक्षात ठेव.

'हाकला' म्हणणाऱ्या मित्राचा पुढचा दावा मला माहीत आहे. नवा मॅनेजर आला की संघ उसळतो. उसळताना दिसतो खरा. बास तेर वील या डच अर्थतज्ज्ञाने नेदरलँड्सच्या लीगमधल्या १९८६ ते २००४ या काळातल्या हकालपट्ट्या तपासल्या. मॅनेजर बदललेले संघ सावरले. तितक्याच वाईट काळातून जाणारे, पण मॅनेजर न बदललेले संघही तसेच सावरले. घरात कोणाला ताप असतो, तीन दिवस काढ्यावर काढतात, चौथ्या दिवशी डॉक्टरकडे नेतात आणि संध्याकाळी ताप उतरतो. मग डॉक्टर देवमाणूस. मॅनेजरला काढतात ते तापाच्या चौथ्या दिवशीच.

पण हे सरसकट लावू नकोस. लेस्टरने रानिएरीला फेब्रुवारी २०१७ मध्ये काढलं. नऊ महिन्यांपूर्वी त्याने इंग्लंडची लीग जिंकून दिली होती. सगळं जग हळहळलं, मीही. क्रेग शेक्सपिअर आला, लीगच्या पुढच्या पाचही मॅच जिंकला, आणि संघ बारावा आला. तिथे खेळाडूंनी ऐकणं थांबवलं होतं असं मला पाहताना वाटत होतं, आणि मधल्या फळीतला कान्ते चेल्सीला गेल्यावर मधली फळी उघडी पडली होती ती पडलीच. माणूस तोच, नऊ महिन्यांत लायकी कुठे जाते? उलट मॉयेस बघ. युनायटेडने सहा वर्षांच्या करारावर आणलं आणि एक हंगामही पुरा होऊ दिला नाही. त्यानेच २०२३ मध्ये वेस्ट हॅमला युरोपातला कप जिंकून दिला. आणि पोस्टेकोग्लूने २०२५ मध्ये टॉटनहॅमला युरोपा लीग जिंकून दिली, पण लीगमध्ये संघ सतरावा, म्हणून कप हातात आल्यावर सोळाव्या दिवशी नारळ. तो लायक होता की नाही यावर मी आणि माझा मुलगा अजून जेवताना भांडतो. माझ्या मते काढला ते बरोबर, कारण बचावाची तीच भोकं दोन वर्षं होती.

कधी काढावंच असं मला वाटतं तेही सांगतो. गोल खाल्ल्यावर खेळाडूंचे चेहरे बघ. एकमेकांवर ओरडत असतील तर जीव आहे. कोणीच काही न बोलता खाली बघत मधल्या वर्तुळाकडे चालत असेल, आणि हे चार मॅच झालं, तर संपलं. मॅनेजरच्या मुलाखतीत दर आठवड्याला कारण बदलत असेल, आज रेफ्री, काल पिच, परवा थकवा, आणि त्यात स्वतःची निवड एकदाही नसेल, तर मला माझं 'लक्ष द्या रे' आठवतं. आणि दुसरीकडे चांगला खेळलेला खेळाडू याच्याकडे येऊन वाईट होत असेल, एक नाही, चार-पाच, तर खरेदीला दोष देऊन भागत नाही.

तर असं कर. दहा रुपयांची वही घे. पुढच्या दहा मॅच, खाल्लेला प्रत्येक गोल लिही: मिनिट, बाजू, चेंडू कुठे गमावला, मॅनेजरने त्यानंतर काय बदललं आणि किती मिनिटांनी. क्लबवर राग काढायचा असेल तो वहीच्या मागच्या पानावर काढ. चौघांनी मिळून नको, एकट्याने लिही, नाहीतर मित्राचं मत वहीत शिरेल. रात्री साडेबाराच्या मॅच असतील तर सकाळी हायलाइट्सवरून लिहू नकोस, त्यात गोलाआधीची वीस सेकंदं कापलेली असतात आणि आपल्याला तीच हवीत. दहा मॅच झाल्या की त्या पानांचे फोटो पाठव. क्लबचं नाव तेव्हाही लिहू नकोस.